दोन वर्षांची रजा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत आपण व्यवसायबंधू नव्या उपचारांविषयी लिहितो, कोणी प्रवासवर्णन लिहितो, कोणी ज्येष्ठांच्या आठवणी जागवितो. परंतु ज्यांच्या हातांवर आपली रुग्णालये चालतात त्या परिचारिकांविषयी आपल्या पानांत मी फारसे वाचलेले नाही. मीही आजवर लिहिले नाही, हा दोष प्रथम पदरात घेतो. आज लिहितो आहे तेही काहीसे कबुलीजबाबासारखे होणार आहे, याची वाचकांनी कृपया नोंद घ्यावी.

२०२२ सालच्या ऑक्टोबर महिन्यातील गोष्ट. सकाळची राउंड आटोपून मी ओ.पी.डी.त येऊन बसलो होतो. आमच्या मुख्य सिस्टर आत आल्या आणि त्यांनी टेबलावर एक अर्ज ठेवला. अकरा वर्षे त्या माझ्या बालरुग्णालयात काम करीत होत्या. मूळच्या निलंगा तालुक्यातल्या, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलेल्या, लातूरला जी.एन.एम. करून लग्नानंतर भालकीस आलेल्या. वय चौतीस. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी पाच वर्षांची. पती साखर कारखान्यात हंगामी कामगार. अर्जात एवढेच होते की, बिदरच्या एका कॉलेजात पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घ्यावयाचा आहे, तरी दोन वर्षांची रजा मिळावी.

मी अर्ज वाचला आणि जे पहिले वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडले ते आजही मला टोचते. मी म्हणालो, "सिस्टर, पण मग एन.आय.सी.यू. कोण बघणार?"

त्यांच्या शिक्षणाविषयीचा एकही प्रश्न मला त्या क्षणी सुचला नाही. अंगणात सतरा वर्षांपूर्वी लावलेले झाड कोणी उपटून नेतो आहे असेच मला वाटले. चार दिवस मी सही टाळली.

ज्यांना या अभ्यासक्रमांची माहिती नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आपल्यातील अनेकांना ती नसते, मलाही नव्हती. नर्सिंगची पदवी आपल्या देशात १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोर येथे सुरू झाली. ती चार वर्षांची, आणि तिला बारावीला विज्ञान लागते. आमच्या सिस्टरांची बारावी कला शाखेची. त्यामुळे ते दार त्यांना अठराव्या वर्षी बंदच होते. जी.एन.एम. पदविकेचे दार मात्र उघडे होते. त्यांच्या वेळी ती साडेतीन वर्षांची होती, २०१५ नंतर ती तीन वर्षांची झाली. पदविका आणि नोंदणी हाती असलेल्या परिचारिकेला पुढे दोन वर्षांत पदवी घेता येते, ती ही पोस्ट बेसिक. अमेरिकेत याहून वेगळी वाट आहे. तेथे दुसऱ्या एखाद्या विषयाचा पदवीधर अकरा ते अठरा महिन्यांत नर्सिंगची पदवी पुरी करू शकतो. असा पहिला अभ्यासक्रम १९७१ साली निघाला. आपल्याकडे बी.ए. झालेल्या मुलीला तशी सवलत नाही. आपली जलद वाट आहे ती फक्त आधीच परिचारिका असलेल्यांना, आणि म्हणूनच ती बहुधा संसार, लेकरे आणि नोकरी यांच्या ऐन मध्यावर समोर येते. ज्या वयात पुस्तक हाती धरून बसावे ते वय टळून गेलेले असते, आणि घरात आपल्यावाचून अडेल अशी माणसे वाढलेली असतात.

माझ्यापुढे सिस्टरांनी तीन पर्याय मांडून दाखविले. त्यांनी ते माझ्यापेक्षा कितीतरी नीट तपासले होते. पहिला, इग्नूमार्फत नोकरी न सोडता तीन वर्षांत पदवी. दुसरा, सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा ब्रिज अभ्यासक्रम. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेखाली जी उपकेंद्रे उभी राहिली, ज्यांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तेथील आरोग्य अधिकाऱ्याच्या कंत्राटी जागेची ती वाट. तिसरा, हा नियमित दोन वर्षांचा. मी अर्थातच इग्नूची बाजू घेतली. ती त्यांच्या हिताची आहे असे मी बरेच घोळवून सांगितले. खरे कारण हे की त्यात त्या माझ्याकडे राहणार होत्या. सिस्टरांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, "सर, नोकरी करून तीन वर्षं अभ्यास म्हणजे रात्रीचा अभ्यास. माझी रात्र तर नाईट ड्यूटीत जाते." ब्रिजविषयी म्हणाल्या, "सहा महिन्यांत नोकरी मिळंल, पण मला शिकवायचंय सर. ट्यूटर व्हायला पदवी लागते."

अकरा वर्षांत त्यांना शिकवायचे आहे हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक असायला हवे होते. कारण नव्याने येणाऱ्या प्रत्येक मुलीला त्याच तर शिकवीत आल्या होत्या. वॉर्मरचा प्रोब कोठे चिकटवायचा, कॅन्युला लावताना बाळाचा हात कसा धरायचा, नळीने दूध देण्यापूर्वी पोट कसे तपासायचे, हे आमच्याकडच्या मुलींनी माझ्याकडून शिकलेले नाही. मी स्वतः तरी कोठे प्राध्यापकांकडून शिकलो? एम.डी. करताना, गुलबर्ग्यास, नव्वदच्या दशकात, अर्भकाच्या डोक्यावरील शीर शोधायला मला एका वयस्क वॉर्ड सिस्टरने शिकविले. मी तीनदा चुकल्यावर तिने माझ्या हातून सुई काढून घेतली नाही, फक्त म्हणाली, "डॉक्टर, बोटाने बघा, डोळ्याने नका बघू." तिचे नाव माझ्या प्रबंधाच्या आभारांच्या पानावर नाही.

एक बालरोगतज्ज्ञ म्हणून माझा स्वतंत्र मतभेद येथे नोंदवितो. मला विचाराल तर नवजात शिशूंच्या कक्षातील परिचारिकेने भारतीय परिचर्या परिषदेची नवजात शुश्रूषेची एक वर्षाची विशेष पदविका करावी, त्याने वॉर्डाला अधिक लाभ होईल. हे मी सिस्टरांनाही बोललो. परंतु पदोन्नती, अध्यापन आणि पुढील एम.एस्सी. या सर्वांना पदवी लागते, विशेष पदविकेला ती किंमत नाही. व्यवस्थेने ज्या शिडीला पायऱ्या ठेवल्या आहेत त्याच शिडीवर माणूस चढणार. तिथे मी माझ्या वॉर्डाचे हित सांगत बसणे म्हणजे दुसऱ्याच्या आयुष्याचे औषध आपल्या प्रकृतीला पाहून लिहिणे होय.

घरूनही विरोध होताच. एके संध्याकाळी त्यांच्या सासूबाई नातवाला दाखवायला म्हणून आल्या आणि औषधाची चिठ्ठी घेतल्यावर उठेचनात. "डॉक्टरसाब, हिला जरा समजावा की. लेकरं बारकी हैत. शिकून काय नवं करणार हाय, सुई तर आत्ताबी टोचतीच की." मी त्यांना समजावू शकलो नाही, कारण माझे मतही तेव्हा थोड्याफार फरकाने तेच होते, फक्त माझी भाषा अधिक शुद्ध होती.

ही वृत्ती जुनी आहे. १९०९ साली स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने, रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने, मुलींना आणि विधवांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवायला सुरुवात केली, तेव्हा परक्या पुरुषांची शुश्रूषा करण्यावरून पांढरपेशा समाजाने नाके मुरडली. आज नाके मुरडण्याचे कारण बदलले आहे. आता परिचारिका झालेली चालते, किंबहुना पगारामुळे हवीच असते. परिचारिका होऊन पुन्हा शिकणारी मात्र चालत नाही.

यानंतरचा प्रसंग लिहावा की नाही याचा मी विचार केला, लिहितो. मी सिस्टरांना एक सोपा मार्ग सुचविला. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी सांगितले होते की, अमुक ठिकाणी प्रवेश घेतला तर रोज जावे लागत नाही, हजेरीचे 'बघून घेतले जाते', परीक्षेपुरते गेले की झाले. नियमाप्रमाणे सिद्धान्त आणि प्रात्यक्षिक दोहोंना ऐंशी टक्के हजेरी लागते आणि पदवी हाती पडण्यापूर्वी प्रात्यक्षिकाचे सर्व तास पुरे करावे लागतात. आपल्या राज्यात नर्सिंग कॉलेजे उदंड आहेत, आणि त्या उदंडतेत हा धंदा कसा चालतो हे आपणा सर्वांना ऐकून ठाऊक आहे. एम.डी. झालेला मी, त्या 'न जाता मिळणाऱ्या' पदवीची शिफारस माझ्याच मुख्य परिचारिकेला करीत होतो! सिस्टर थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, तसं शिकलेली मुलगी तुम्ही आपल्या एन.आय.सी.यू.त ठेवाल का?"

त्याच दिवशी मी सही केली.

सही केली म्हणजे प्रश्न सुटला असे नाही. प्रवेशाच्या वेळी निराळीच अडचण पुढे आली. सिस्टरांची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेची. परिचारिकेची नोंदणी राज्यवार असते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना ती तिकडून पडताळून इकडे करून घ्यावी लागते. अकरा वर्षे त्या कर्नाटकात काम करीत होत्या आणि कर्नाटक परिषदेची नोंदणी नव्हती. त्यांनी केली नाही, हे खरे. परंतु मी कधी विचारली नाही, हे अधिक खरे. माझ्या रुग्णालयाच्या भिंतीवर माझे स्वतःचे नोंदणी प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत लावलेले आहे. आपल्या सीमाभागात ही गोष्ट फार आढळते. उदगीर, देवणी, निलंगा, उमरगा येथल्या मुली लग्न करून भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदकडे येतात. नातीगोती सीमा मानीत नाहीत, कागद मात्र मानतात. २०२३ साली संसदेने परिचर्या व प्रसाविका आयोगाचा नवा कायदा संमत केला, त्यात राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे. ती प्रत्यक्षात सुरळीत झाली तर आपल्या भागातील लेकीसुनांचे हेलपाटे वाचतील. सिस्टरांचे मात्र मुंबई आणि बंगळूर अशा दोन दारी कागद फिरले. २०१३ पासून आपल्या भागाला लागू झालेल्या ३७१ (जे) कलमाखाली येथील संस्थांत सत्तर टक्के जागा स्थानिकांना असतात. त्यासाठीचेही दाखले वेळेत जमले नाहीत, आणि अधिक शुल्क भरून प्रवेश घ्यावा लागला. मंगळसूत्रातील दोन वाट्या तेवढ्या राहिल्या, बाकी सोने बँकेत गेले. हे मला पुष्कळ नंतर कळले.

रजा मी बिनपगारी दिली होती. वर उपकार म्हणून एक सोय केली: शनिवारची आणि अधूनमधून बुधवारची रात्रपाळी त्यांनी माझ्याकडे करावी आणि अर्धा पगार घ्यावा. त्यांना पैशांची निकड होती, मला अनुभवी हातांची. दोघांचेही भले, असे मी पत्नीजवळ म्हटल्याचे मला आठवते.

त्यांचा दिवस असा होता. पहाटे साडेचारला उठून दोन डबे; सातच्या बसने बिदर. भालकीहून बिदर चाळीसेक किलोमीटर. नऊ ते साडेचार वर्ग किंवा रुग्णालयातील पोस्टिंग. सहाला घरी, स्वयंपाक, मुलांचा गृहपाठ, आणि दहानंतर स्वतःच्या केअर प्लॅनच्या वह्या. या वह्यांचे काय गौडबंगाल आहे ते मी प्रथमच पाहिले. एकेका रुग्णावर वीस-वीस पाने, स्केचपेनने आखलेले रकाने, चिकटविलेली चित्रे. जी परिचारिका अकरा वर्षे बाळाकडे नुसते पाहून 'याला बरे नाही' असे सांगत आली, तिने ते इंग्रजीत पाच रकान्यांत लिहावयाचे. या लेखनाचा काही भाग विचारांना शिस्त लावतो हे मान्य. बराचसा निव्वळ हमाली आहे असे माझे मत झाले, आणि नर्सिंगच्या अध्यापकांनी ते मनावर घ्यावे अशी माझी विनंती आहे.

इंग्रजी हीदेखील भिंतच होती. मराठी शाळा, कला शाखा, आणि पहिल्याच वर्षी जीवरसायनशास्त्र! रविवारी दुपारी त्या पुस्तक घेऊन येत आणि मी शिकवीत असे. क्रेब्ज चक्र समजावून सांगायला बसलो आणि तिसऱ्या पायरीवर माझेच चाक रुतले. पुढील रविवारपर्यंतची मुदत मागून घेतली, आणि तीस वर्षांनी ते प्रकरण पुन्हा वाचले. तेव्हा वयाची पस्तिशी गाठलेल्या बाईने दिवसभर वॉर्डात उभे राहून रात्री हे वाचणे म्हणजे काय, याचा थोडा अंदाज मला आला.

अशाच एका रविवारी त्यांनी विचारले, "सर, कावीळ झालेलं बाळ आपण निळ्या दिव्याखाली ठेवतो. ते पिवळं जातं कुठं?"

अकरा वर्षांत शेकडो बाळे त्यांनी फोटोथेरपीखाली ठेवली होती. डोळ्यांवर पट्टी बांधणे, कूस बदलणे, लघवी मोजणे, सारे निर्दोष. परंतु प्रकाशाने त्वचेतील बिलिरुबिनच्या रेणूची ठेवण बदलते आणि यकृताची प्रक्रिया न होताच ते पित्तावाटे व लघवीवाटे बाहेर पडू शकते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मी तर नव्हतेच. "म्हणून आपण लघवी मोजतो होय," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते पाहून मला आपल्या एम.डी.ची थोडी लाज वाटली. मग मी त्यांना या उपचाराची मूळ कथा सांगितली. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात रॉचफर्डच्या रुग्णालयात, १९५६ साली, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या विभागप्रमुख सिस्टर वॉर्ड यांना बाळांना उन्हात अंगणात नेण्याची आवड होती. एके दिवशी त्यांनी राउंडवर आलेल्या डॉक्टरांना एक बाळ उघडे करून दाखविले. सगळे अंग फिकट झालेले, फक्त एक त्रिकोणी भाग गडद पिवळा. त्यावर चादरीचे टोक पडलेले होते, ऊन लागले नव्हते. या निरीक्षणातून पुढे प्रयोग झाले आणि १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. आज जगभर लक्षावधी बाळांचा मेंदू ज्या दिव्याने वाचतो, त्या दिव्याच्या मुळाशी एका परिचारिकेची नजर आहे. सिस्टर म्हणाल्या, "त्या डॉक्टरांनी ऐकलं म्हणून."

सासूबाईंच्या 'सुई तर आत्ताबी टोचतीच की' या प्रश्नाचे उत्तर मला त्या रविवारी मिळाले. द्यायला मात्र मी गेलो नाही.

फेब्रुवारी २०२३ मधील बुधवारची ती रात्र. दिवसभर कॉलेज, संध्याकाळी घर, आणि आठपासून माझ्याकडे ड्यूटी. सोळाशे ग्रॅमचे एक बाळ श्वास विसरत होते. मी अॅमिनोफायलिन लिहिले. हिशेबाने आठ मिलिग्रॅम, म्हणजे ०.३२ मि.लि. पहाटे तीनच्या सुमारास सिस्टरांचा फोन आला. आवाज कापत होता. त्यांनी ३.२ मि.लि. भरले होते. दशांशचिन्ह एक घर सरकले होते. बाळाजवळ गेल्यावर, एवढ्याशा जिवाला एवढी भरलेली सिरिंज कशी, असे त्यांच्याच मनात आले आणि हात थांबला. औषध दिले गेले नव्हते. मी पोचलो तेव्हा ती सिरिंज ट्रेमध्ये तशीच ठेवलेली होती, मला दाखविण्यासाठी. त्यांना ती टाकून देता आली असती. कोणाला काही कळले नसते.

त्या एवढेच म्हणाल्या, "सर, मला रात्रपाळी नको. पैसे नाही मिळाले तरी चालतील."

ज्याला मी उपकार म्हणत होतो त्याने एक बाळ आणि एक परिचारिका दोघेही एका दशांशचिन्हावर लटकले होते. परदेशांतील जलद अभ्यासक्रमांत विद्यार्थ्यांना बहुधा आधीच बजावून सांगतात की, या काळात नोकरी करू नका. आपण मात्र शिकणाऱ्या बाईला म्हणतो, शिका, पण रात्री या. आपल्या निवासी डॉक्टरांच्या छत्तीस-छत्तीस तासांच्या पाळ्यांची कौतुके सांगण्यात आपली पिढी वाढली, त्याचाच हा परिणाम असावा. दुसऱ्या दिवसापासून मी रात्रपाळी बंद केली आणि अर्धा पगार चालू ठेवला. त्या बदल्यात रविवारी दोन तास त्यांनी आमच्या नव्या मुलींना शिकवावे एवढे ठरले. हे औदार्य नव्हे. अकरा वर्षांत मी जे दिले नव्हते त्याचा तो हप्ता होता. कोविडच्या दिवसांत, मार्च २०२० मध्ये देशातील पहिला कोविडमृत्यू आपल्या कलबुर्गीत झाला आणि निम्मे कर्मचारी घरी बसले, तेव्हा रोज चालत येणाऱ्या ज्या दोघी होत्या त्यांतील एक या.

पुढील काळ तुलनेने सुसह्य गेला. ११ जून २०२३ पासून राज्य सरकारची शक्ती योजना लागू झाली आणि साध्या बसमधून महिलांचा प्रवास विनामूल्य झाला. या योजनेवर आपल्यात चहाच्या टेबलावर पुष्कळ टीका होते. मी स्वतःही केली आहे. परंतु आधारकार्ड दाखवून शून्य रुपयांचे तिकीट घेणारी एक विद्यार्थिनी मला ठाऊक असल्याने हल्ली मी त्या चर्चेत गप्प बसतो. वाचलेल्या भाड्यातून मुलीच्या शिकवणीची सोय झाली. सासूबाईंनीही, न सांगता, संध्याकाळच्या भाकरी आपल्याकडे घेतल्या. त्यांचे मन कशाने बदलले हे मी विचारले नाही. सिस्टरांचा तर्क असा की, बिदरच्या रुग्णालयात पोस्टिंगवर असताना त्यांच्या भावकीतल्या एका बाळंतिणीकडे सिस्टरांनी लक्ष दिले, आणि ते गावभर झाले.

दुसऱ्या वर्षी संशोधन व संख्याशास्त्र हा विषय असतो. गटाने मिळून एक छोटा प्रकल्प करावयाचा. यांच्या गटाने बाळंतिणींना विचारावयाचे ठरविले की, पहिल्या दुधाआधी बाळाला काय चाटविले? मध, साखरपाणी, घुटी. बिदरच्या प्रसूतिकक्षात एका खाटेवर कन्नड, दुसऱ्या खाटेवर मराठी, तिसऱ्या खाटेवर दखनी. गटात तिन्ही बोलता येणाऱ्या आमच्या सिस्टर एकट्याच. इंग्रजीने ज्यांना पहिले वर्षभर मागच्या बाकावर बसविले, त्यांना या तीन भाषांनी पुढे आणून उभे केले. त्यांनी मला येऊन सांगितलेली एक गोष्ट मी तेव्हापासून पाळतो. म्हणाल्या, "सर, आईला विचारून उपयोग नाही. चाटवते ती आजी. आणि आजीला 'मध का दिला' म्हटलं की ती नाही म्हणते. 'पहिल्यांदा बोट कुणी लावलं' म्हटलं की अभिमानानं सांगते." सव्वीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी चुकीचा प्रश्न विचारीत होतो.

निकाल लागला. प्रथम श्रेणी मिळाली. पेढे घेऊन आल्या तेव्हा मी तयारीत होतो. पगारवाढीचा आकडाही मनाशी ठरविला होता. त्यांनी पेढ्यांबरोबर राजीनामाही आणला होता. बिदरच्या एका नर्सिंग स्कूलमध्ये त्यांना ट्यूटरची जागा मिळाली होती.

मी प्रामाणिकपणे लिहितो की मला वाईट वाटले. आणि पुढे दोन दिवस, 'एवढे करून शेवटी गेल्याच' हे वाक्य मी तीन जणांना ऐकविले. चौथा श्रोता माझा शाळासोबती, शिक्षक. तो म्हणाला, "तुझे विद्यार्थी तुझ्याकडे राहावेत म्हणून तू शिकवतोस काय?" वास्तविक मी कोणाला शिकविलेच नव्हते. त्या स्वतः शिकल्या होत्या.

आता व्यवसायबंधूंना काही सुचवावेसे वाटते. परिचारिका शिकली की जाते, म्हणून तिला शिकू देऊ नये, हा हिशेब आपण मनात मांडतो. तो उघड बोलत नाही एवढेच. न शिकलेलीही जातेच. गावातील दुसरे रुग्णालय हजार रुपये अधिक देते, तेव्हा जाते. एकट्या डॉक्टरला दोन वर्षे जागा राखणे कठीण आहे, ही अडचण खोटी नाही. माझ्या कक्षात त्या दोन वर्षांत दोनदा नवीन रुग्ण घेणे बंद करावे लागले. परंतु एकाच गावातील चार-पाच रुग्णालयांनी मिळून एक बदली सिस्टर ठेवली, तर शिकायला गेलेलीची जागा भरून निघू शकते. आपले मंडळ दरवर्षी सदस्यांच्या मुलांचा दहावी-बारावीच्या यशाबद्दल सत्कार करते. ती मुले आपल्या आशीर्वादावाचूनही डॉक्टर, इंजिनिअर होतीलच. तोच खर्च एखाद्या परिचारिकेच्या शुल्कासाठी बिनव्याजी उसना दिला तर तिचे सोने बँकेत जाणार नाही. वार्षिक सभेत मी हा विषय मांडणार आहे. विरोध कोण करील याचीही मला कल्पना आहे, त्यांनी हा लेख वाचला असेल अशी आशा करतो.

आणि ज्या सिस्टर हा अंक आपल्या डॉक्टरांच्या टेबलावरून उचलून वाचतील, त्यांनाही सांगतो. प्रत्येकीने पदवी घ्यावीच असे माझे म्हणणे नाही. मुले फार लहान असतील, घरात आजारी माणूस असेल, तर दोन वर्षे थांबण्यात कमीपणा नाही. ही वाट चाळिशीतही खुली राहते. सरकारी जागेची घाई असेल तर आधी ब्रिज अभ्यासक्रमाची चौकशी करा. प्रवेशापूर्वी परिषदेची मान्यता आणि आपली राज्य नोंदणी पाहून घ्या. रात्रपाळी घेऊ नका. आणि डॉक्टरांनी चार दिवस सही केली नाही, तर पाचव्या दिवशी पुन्हा विचारा.

सिस्टर अजूनही काही रविवारी येतात. आता त्यांच्याबरोबर त्यांच्या दोन-तीन विद्यार्थिनी असतात. मागच्या महिन्यात त्यांतील एकीला त्या फोटोथेरपीच्या युनिटजवळ उभे करून विचारीत होत्या, "ते पिवळं जातं कुठं, सांग." मी दाराशी थांबलो. मुलीला उत्तर आले नाही, आणि सिस्टरांनी ते लगेच सांगितलेही नाही.

याच आठवड्यात आमच्या दुसऱ्या एका सिस्टरने टेबलावर अर्ज ठेवला आहे. त्याच दिवशी सही केली. नोंदणीची झेरॉक्स मागून घेतली. ती कर्नाटकाची आहे. एन.आय.सी.यू. कोण बघणार, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.